पर्यटनातली नोकरी: शिकलात कुठे, टिकलात कशामुळे, सोडलीत का?

पुण्यातल्या कुठल्याही हॉटेलच्या मनुष्यबळ विभागात पाच मिनिटं बसलं की एक वाक्य कानावर पडतंच: "हल्ली माणसं मिळत नाहीत हो." टूर कंपन्यांची तीच तक्रार, लोणावळ्याच्या रिसॉर्टवाल्यांची तीच. मी हॉटेल व्यवस्थापन शिकवते. माझ्या वर्गातली मुलंमुली दरवर्षी चांगल्या हॉटेलांची नेमणूकपत्रं घेऊन बाहेर पडतात. दोन-तीन वर्षांनी भेटतात तेव्हा त्यातली कितीतरी बँकेत, विमा कंपनीत, हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर किंवा हिंजवडीकडच्या एखाद्या हेल्पडेस्कवर असतात. म्हणजे माणसं मिळतात, शिकतात आणि निघून जातात. का जातात हे त्यांना सहसा कुणी विचारत नाही, म्हणून हा धागा.

शिकवण्याची सोय देशात नाही असं नाही. हॉटेल व्यवस्थापनाची राष्ट्रीय परिषद १९८२ पासून आहे, तिच्या संस्था राज्याराज्यांत आहेत. ग्वाल्हेरची पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्था १९८३ ची. आपल्याकडे शिवाजीनगरला राज्य सरकारची संस्था आहे. आठवी पास मुलांसाठी 'हुनर से रोजगार तक' ही केंद्राची मोफत अल्पमुदतीची योजना २००९-१० मध्ये आली. स्वयंपाक, वाढप, हाउसकीपिंग असे अभ्यासक्रम त्यात होते. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पर्यटनातल्या कौशल्यविकासाचा पुन्हा उल्लेख झाला. महाराष्ट्राच्या २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत १८ लाख रोजगारांचं उद्दिष्ट आहे. एवढी माणसं या क्षेत्रात यायची आणि राहायची असतील, तर आत्ता जी आहेत त्यांचं म्हणणं आधी ऐकायला हवं.

तर लिहा. काम तुम्हाला कुणी शिकवलं? हात बसायला किती काळ लागला? सीझन संपल्यावर घर कशावर चालतं? राहिलात तर कशामुळे, सोडलंत तर कशामुळे? हॉटेलचं, कंपनीचं, साहेबांचं नाव लिहू नका. शुद्धलेखनाची चिंता करू नका.

टूर मॅनेजर, कोथरूड

कॉमर्स झालं आणि ओळखीतून एका टूर कंपनीत चिकटलो. प्रशिक्षण म्हणजे ऑफिसातले थोडे दिवस: व्हाउचर म्हणजे काय, तक्रार आली तर कुणाला फोन करायचा, वगैरे. खरं शिकवलं ते पहिल्या शिमला-मनालीला ज्यांच्या हाताखाली गेलो त्या सीनियरनी. डोकी दोनदा मोजायची, एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे. रूमिंग लिस्ट, म्हणजे कुणाला कुठली खोली याची यादी, आदल्या दिवशी पाठवायचीच, पण पोचायच्या दोन तास आधी हॉटेलकडून ती फोनवर परत वाचून घ्यायची. गुडघे दुखणाऱ्यांना लिफ्ट नसलेल्या हॉटेलात तिसरा मजला मिळाला की सहल तिथेच बिघडली. कोणाचं इन्सुलिन थंड ठेवायचंय, कोणाचा चतुर्थीचा उपास आहे, कुठल्या दोन कुटुंबांना एका टेबलावर बसवू नये, हे पहिल्या रात्रीच्या जेवणापर्यंत डोक्यात बसलं पाहिजे. लेहला उतरल्यावर सुरुवातीला लोकांना विश्रांती घ्यायला लावणं हे तर वेगळंच कसब आहे. पैसे भरून आलेला माणूस खोलीत पडून राहायला तयार नसतो, आणि ऐकलं नाही तर रात्री ऑक्सिजन शोधत फिरायची वेळ येते.

या कामाची परीक्षा कशी होते ते सांगतो. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला हल्ला झाला तेव्हा माझा ग्रुप श्रीनगरात होता. पुढचा मुक्काम पहलगामचाच होता. दोन दिवस आधी रामबनला दरडी कोसळून जम्मूचा महामार्ग बंद पडलेला, त्यामुळे बाहेर पडायचं तर विमानानेच. संध्याकाळपासून पुण्याहून फोनवर फोन. मी आधी सगळ्यांना हॉटेलच्या हॉलमध्ये जमवलं, डोकी मोजली आणि सांगितलं, घरी स्वतः फोन करा, तुमचा आवाज त्यांना ऐकू दे. मग यादी केली: कुणाचं परतीचं तिकीट कधीचं, कुणाची औषधं किती दिवस पुरतील, एकटं कोण आलंय. विमान कंपन्यांनी तारीख बदलण्याचं शुल्क माफ केलं, जादा उड्डाणंही सोडली, पण नवरा एका विमानात आणि बायको-मुलं दुसऱ्यात असं होऊ नये म्हणून रात्रभर तिकिटांशी झगडत होतो. हॉटेलचे वेटर आणि आमचा तिथला ड्रायव्हर स्वतः हादरलेले होते. तरी त्यांनी पहाटे नाश्ता बांधून दिला, विमानतळापर्यंत सोडलं आणि पैसे घेईनात. माझा ग्रुप सुखरूप परत आला. पुण्याचीही माणसं त्या हल्ल्यात गेली होती. लोहगावला उतरल्यावर आमच्यातलं कुणी कुणाशी बोलू शकत नव्हतं.

पुढच्या काश्मीर टूर रद्द झाल्या. आम्हाला पैसे दिवसावर मिळतात: टूर असेल तर भत्ता, नसेल तर काही नाही. पर्यटकांना क्रेडिट मिळालं, कंपनीने हॉटेलांशी तडजोड केली, आणि टूर मॅनेजरच्या उन्हाळ्याचा हिशोब कुठल्याच कागदावर नव्हता. मी राहिलो, कारण हे काम मला येतं आणि मनापासून आवडतं. बायकोचा पगार नियमित आहे, हेही तितकंच खरं कारण. माझ्याबरोबरचे दोन उत्तम मॅनेजर तेव्हाच गेले. त्यातला एक आता शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक बघतो. त्याच्याइतक्या शांत डोक्याने घाबरलेली माणसं सांभाळणारा दुसरा कुणी मी पाहिलेला नाही.

(आणीबाणीत काय करायचं हे आधी कुणी शिकवलं होतं का, असं मी त्यांना विचारलं. उत्तर: "नाही. त्या सीनियरना २०१३ च्या केदारनाथचा अनुभव होता, ते चहा पिताना सांगायचे, तेवढंच.")

टेम्पो ट्रॅव्हलर चालक, कात्रज

नमस्कार मॅडम. मी बोलतोय, पुतण्या टाइप करतोय. गाडी मालकाची आहे.

स्किल म्हणाल तर स्टेअरिंग हे त्यातलं निम्मं. अष्टविनायक दोन दिवसांत बसवायचं तर मोरगाव, सिद्धटेक, थेऊर, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री, मग घाट उतरून महड आणि पाली. नुसता रस्ता माहीत असून भागत नाही. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढायला आजी-आजोबांना किती वेळ लागंल, चतुर्थीला कुठल्या गावात गाडी किती लांब लावायला लागंल, बायांसाठी स्वच्छ बाथरूम कुठल्या पंपावर आहे, हे डोक्यात पाहिजे. पावसात बोरघाटात धुकं उतरलं की कधी थांबायचं, हे पाहिजे. मला हे एका म्हाताऱ्या ड्रायव्हरकाकांनी शिकवलं. मी त्यांच्या गाडीवर क्लीनर होतो. रात्री गाडी धुताना ते सांगायचे आज कुठं ब्रेक जादा मारला. आता छोट्या गाडीवर क्लीनर कुणी ठेवत नाही, तो पगार वाचवतात. मग नवीन पोरगा शिकणार कुठं? लायसन झालं, बॅज निघाला की सरळ सतरा माणसं मागं बसवून आंबेनळी घाटात.

दुसरं झोपेचं. १९६१ च्या मोटार कामगारांच्या कायद्यात दिवसाला ८ तास लिहिले होते, युनियनवाल्यांनी सांगितलेलं. आमचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो आणि गेस्ट रात्री जेवून परत येईस्तोवर चालतो. हॉटेलात ड्रायव्हरला जेवण देतात, झोपायला जागा देत नाहीत. मागच्या सीटवर पडायचं, डास मारायचे, आणि सकाळी त्याच डोळ्यांनी घाट उतरायचा. माझा पोरगा म्हणतो ड्रायव्हर होतो. मी म्हणलं एसटीत लाग नाहीतर शीक.

जपानी भाषा, डेक्कन

मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन२ पातळी पास झाले आणि ठरवून गाइड व्हायला निघाले. पुण्यात जपानी येणाऱ्यांची कमतरता नाही. पण त्यातले जवळजवळ सगळे आयटी कंपनीत किंवा चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत दुभाषे आहेत, कारण तिथे बाराही महिने पगार आहे.

चाकणला आलेले जपानी इंजिनिअर सुट्टीत मला कार्ल्याला न्यायला सांगायचे. तिथे मला कळलं की भाषा येणं आणि गाइड असणं यात किती अंतर आहे. चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत हे मी सांगितलं, तर एकाने विचारलं, दगड कोरलाय तर लाकूड लावलंच का? लाकूड कुठलं? सांधे कसे जोडलेत? ते लोक लाकडी देवळांच्या देशातून आलेले. त्यांचे प्रश्न असेच असणार. मग मी घरी येऊन वाचत बसायची. आधीच्या लाकडी इमारतींची ठेवण कारागिरांनी दगडात तशीच उतरवली, म्हणून छताचा भार पेलायचा नसतानाही लाकडी कमानी आल्या, हे नीट सांगता येईपर्यंत माझं मलाच समाधान नव्हतं.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा गाइडचा परवाना मिळाला असता तर अजिंठा-वेरूळला मोठे ग्रुप घेता आले असते. ती निवड कधी निघेल याची वाट बघण्यात वर्षं गेली. २०२० मध्ये ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू झाला आणि लगेच लॉकडाउन लागलं. भारतात २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले होते, २०२० मध्ये २७ लाखांच्या आसपास. मी दुभाषाची नोकरी धरली. आजही कुणी कार्ल्याला चला म्हटलं की मी सुट्टी टाकते. इथले जाणकार सांगतील का, आता तरी पूर्णवेळ गाइड होण्यात अर्थ आहे का?

हाउसकीपिंग, येरवडा

मी विमानतळाजवळच्या एका हॉटेलात रूम अटेंडंट आहे. आधी धुणीभांडी करायचे. घर साफ करता येतं म्हणजे खोली करता येईल असं वाटलं होतं, तसं नसतं. चेकआऊटच्या खोलीत आधी पडदे उघडायचे, मग कपाट, ड्रॉवर, बेडखाली काही विसरलंय का बघायचं, मग चादरी काढायच्या, झटकायच्या नाहीत. बाथरूमचं फडकं वेगळं, ग्लासचं वेगळं, रंगावरून ओळखायचं. कुठलं केमिकल कशात मिसळायचं नाही हे सुपरवायझर ताईंनी शिकवलं. मिसळलं तर विषारी वास होतो. चादरीचे कोपरे दुमडायला मला महिना लागला. आता माझ्या बेडवर एक सुरकुती दाखवा.

मी हॉटेलची नाही, ठेकेदाराची आहे. ठेकेदार बदलला की मी पुन्हा नवी. पगार पहिल्यापासून, रजा पहिल्यापासून. इतकी वर्षं काम करते पण माझ्याकडे तसं लिहिलेला एक कागद नाही. दुसऱ्या हॉटेलात गेले तर विचारतात, कोर्स केलाय का? आमच्यात नवीन आलेल्या मुलींना मीच शिकवते, त्यातली एक कोर्स केलेली होती, ती आता माझी सुपरवायझर आहे. मुलगी चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही.

सोडलं नाही, कारण शिफ्ट तीनला संपते आणि मुलं शाळेतून येईपर्यंत मी घरी असते. रात्रपाळी सांगतात तेव्हा गाडी देतात. गाडी नसती तर घरच्यांनी पाठवलं नसतं. माझ्या ओळखीच्या दोघी दुसरीकडे एवढ्याचसाठी सोडून गेल्या.

(धागा सुरू करणारी मी मध्येच लिहिते. येरवड्याच्या ताई, तुमच्यासाठी एक उपयोगाची गोष्ट इथेच सांगते. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ मध्ये आली, तिच्यात आधीच्या अनुभवाला मान्यता देण्याची तरतूद आहे. काम येणाऱ्या माणसाला नव्याने लांब कोर्स करायला लावायचं नाही. थोडी उजळणी, मग प्रत्यक्ष चाचणी, आणि पास झाल्यावर प्रमाणपत्र. पर्यटन आणि आदरातिथ्य क्षेत्राची कौशल्य परिषद आहे, तिच्याकडे हाउसकीपिंगची चाचणी आहे. मोठ्या हॉटेलांनी ठेक्यावरच्या माणसांसाठी ही चाचणी आपल्याच जागेत घडवून आणली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. खोल्या तिथे आहेत, परीक्षक येऊ शकतो. ज्या बाईने दुसऱ्यांना शिकवलं तिला कागद नाही म्हणून वर जाता येत नाही, हे मला सहन होत नाही.)

हॉटेल मॅनेजमेंट, आता बँकेत, धनकवडी

मॅडम, बहुतेक तुम्ही मला ओळखाल. इंडस्ट्रियल ट्रेनिंगला स्टायपेंड पीएमपीच्या पासाला आणि दोन वेळच्या चहाला पुरायचा. मला त्याचं काही वाटलं नाही, शिकायला मिळत होतं. नोकरी लागल्यावर ब्रेक शिफ्टने घालवलं. सकाळी अकरा ते तीन, पुन्हा सात ते बारा. मधले चार तास ना घरी जाता येतं ना झोपता येतं. दिवाळी, गणपती, थर्टी फर्स्ट, घरातलं प्रत्येक लग्न चुकलं. बँकेत ग्राहक ओरडतो तेव्हा मी शांत राहतो, साहेब कौतुक करतात. ते हॉटेलातच शिकलोय.

आधी कॉमी (किचनमधला कनिष्ठ कुक), मग डीसीडीपी (त्याच्या वरची पायरी), आता सू शेफ (मुख्य शेफच्या खालोखाल), वाकड

वरच्या मुलाला उत्तर नाही, त्याचं बरोबर आहे. मी का राहिलो तेवढं सांगतो.

मी पदवीवाला नाही. गावाकडून आलो, किचन स्टुअर्डिंगला भांडी घासायला लागलो. किचनमध्ये तेव्हा निम्मे लोक गढवालचे, काही बंगालचे, काही नेपाळचे. तंदूरवरच्या एका गढवाली उस्तादने बघितलं की मी भांडी लावताना स्वयंपाक चालतो त्या स्टेशनकडे बघत असतो. कामाचे तास संपल्यावर त्याने मला कणीक मळायला उभं केलं. तंदूरची भिंत पांढरी पडली की नान लावायचा, काळी असताना लावला तर गळून पडतो, हे कुठल्या थर्मामीटरने शिकवलं नाही. नंतर एक शेफ भेटले त्यांनी कॉस्टिंग शिकवलं. एका प्लेटला किती ग्रॅम पनीर, साफ केल्यावर किती उरतं, वाया किती जातं. ज्याला कॉस्टिंग येतं तोच वर जातो. मग अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घेतलं. एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक लागतो, आमच्या किचनचा तो मी आहे.

जाण्याची संधी आली होती, क्रूझवर. सीडीसी म्हणजे जहाजावर कामाला लागणारं पुस्तक काढायचं, एसटीसीडब्ल्यू हा जहाजावरच्या सुरक्षेचा कोर्स करायचा, सगळी माहिती काढली होती. डॉलरमध्ये पगार. माझ्या बॅचचे चौघं गेले, घरं बांधली त्यांनी. त्याच महिन्यात आमच्या शेफनी माझी आठवड्याची सुट्टी कायमची मंगळवारी ठरवून दिली आणि पगार थोडा वाढवला. लोकांना वाटेल एवढ्यावर थांबला? मंगळवारी माझी मुलगी आणि मी बाजारात जातो, घरी मी स्वयंपाक करतो. त्या आधी आठवड्याची सुट्टी आदल्या रात्री कळायची, कधी रद्द व्हायची. मालकांनो, सुट्टीचा वार ठरवून टाका. त्याला फार पैसे लागत नाहीत.

ट्रेक लीडर, सिंहगड रोड

उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून बेसिक आणि ॲडव्हान्स केलं. बेसिक २८ दिवसांचं असतं, त्यासाठी नोकरीतून बिनपगारी रजा घेतली. प्रथमोपचार वेगळा शिकलो. आता शनिवार-रविवारी ट्रेक नेतो, बाकी दिवस कॉम्प्युटरवर.

आमच्या क्षेत्रात स्वस्त ट्रेक विकणारे खूप आहेत. व्हॉट्सॲपवर पोस्टर, फी इतकी कमी की त्यात प्रशिक्षित लीडर बसूच शकत नाही. मग कॉलेजच्या पोराला फुकट ट्रेकच्या बदल्यात लीडर करतात. त्याला राजगडावर आग्यामोहोळ उठलं तर काय करायचं माहीत नसतं. पळताना उतारावरून पडून माणसं दगावतात. अंगाला अत्तर लावू देऊ नये, बुरुजाखाली धूर करू देऊ नये, हे आधी बघायचं असतं. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, नोंदणी आणि प्रशिक्षित माणसं त्यात आवश्यक आहेत. नोंदणी बघून बुकिंग करणारा ग्राहक मला अजून क्वचितच भेटतो. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा जुना पूल कोसळून चार जणांचा जीव गेला. वर्षाविहाराच्या प्रत्येक जागी रविवारी गर्दी मोजणारा आणि थांबवणारा पगारी माणूस हवा, ही मागणी मी तेव्हापासून जमेल तिथे लावून धरतोय.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड आपल्या जिल्ह्यातले. गुंजवण्याच्या आणि लोहगडवाडीच्या पोरांना गड पायाखालचा आहे. वाट चुकलेल्याला रात्री बारा वाजता शोधून आणणारे तेच असतात. त्यांना प्रथमोपचार, थोडा इतिहास, थोडं इंग्रजी शिकवून गडावरच पगारी नेमलं तर बाहेरून माणसं आणायची गरजच नाही. मी आणि माझे मित्र शिकवायला तयार आहोत.

छोटं रिसॉर्ट, मुळशी

मालकांची बाजू कुणीतरी लिहायला हवी. माझ्या बारा खोल्या आहेत. शनिवारी सगळ्या भरतात, मंगळवारी दोन. पगार मात्र सातही दिवसांचा. सुरुवातीला मी सीझनपुरती माणसं ठेवत होतो, जूनमध्ये घ्यायचो आणि ऑक्टोबरमध्ये सोडायचो. प्रत्येक जूनमध्ये पुन्हा शून्यातून. मग आजूबाजूच्या दोघांशी बोलून ठरवलं की मधल्या वारांत माणसं एकमेकांकडे पाठवायची आणि पगार वाटून घ्यायचा. एक माळीकाम आणि रंगकाम शिकला, एक बेकरी. आता पावसाळ्यानंतरही मूळ आठ जण राहतात.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० विद्यावेतन सरकार देतं. मी दोघं घेतले. चांगले शिकले. मुदत संपल्यावर एकाला मी ठेवू शकलो, दुसऱ्याला पुण्यात डिलिव्हरीचं काम जास्त पैशांचं मिळालं. त्याला थांब म्हणायला माझ्याकडे तेवढे पैसे नव्हते. आणि ते कात्रजचे ड्रायव्हर दादा लिहितात ते वाचलं. आमच्याकडे ड्रायव्हरसाठी पंखा, मच्छरदाणी आणि गरम पाण्याची खोली आहे. या भागात इतरांनीही करावी, खर्च एका खोलीचा आहे.

घरगुती निवास, जुन्नर

२०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला तेव्हापासून मनात होतं. नवऱ्याची द्राक्षबाग, माझं घर मोठं. राज्याचं 'आई' हे महिलांसाठीचं पर्यटन धोरण २०२३ मध्ये आलं. १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळतं. बँकेत चपला झिजल्या, पण कर्ज झालं.

मासवडी मला करायची कशी हे कुणी शिकवायला नको होतं. शिकायला लागलं ते वेगळंच: खोलीचा दर सांगताना लाजायचं नाही, आगाऊ पैसे मागायचे, पाहुणा दारू पिऊन आला तर ठामपणे काय बोलायचं, ऑनलाइन वाईट शेरा आला तर रात्री रडत न बसता सकाळी उत्तर लिहायचं. गावातल्या तीन मुली माझ्याकडे कामाला आहेत. त्यातली एक पाहुण्यांना नाणेघाट दाखवते, सातवाहनांच्या शिलालेखाबद्दल ती मास्तरांकडून शिकून आली. तिचं लग्न ठरलंय, सासर संगमनेरला. तिथेही तिला हेच काम करायचंय. सासरच्यांना मी स्वतः जाऊन भेटणार आहे.

निवृत्त गाइड, नारायण पेठ

डेक्कनच्या जपानी शिकलेल्या मुलीला उत्तर द्यायचं म्हणून लिहायला बसलो.

बेटा, पूर्णवेळ करायचं असेल तर फक्त परदेशी पाहुण्यांवर विसंबू नकोस. २०२० मध्ये त्यांच्यावर विसंबलेले आम्ही सगळे घरी बसलो, आणि सर्वांत आधी परत आले ते आपलेच लोक. मी शाळांच्या सहली आणि ज्येष्ठांचे गट घ्यायला लागलो तेव्हा वर्षभर काम मिळालं. दोन भाषा पक्क्या हव्यात: एक तुझी जपानी, दुसरी उत्तम हिंदी किंवा इंग्रजी. मराठीत तर तू सांगशीलच. कार्ल्याच्या लाकडावर तू जे वाचलंस तीच खरी तयारी. शनिवारवाड्यावर मी ऐकतो, लोक गटाला दरवाजातून आत नेतात, 'काका मला वाचवा' सांगतात आणि भुतावर संपवतात. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला वाडा, १८२८ ची आग, उत्तरेकडे तोंड करून असलेला दिल्ली दरवाजा आणि त्याच्यावरचे हत्तीला रोखणारे अणकुचीदार खिळे, हजारी कारंज्याचं पाणी कुठून यायचं, हे सगळं समोर दिसत असताना सांगत नाहीत. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांच्या समाधीपाशी मोठ्याने हसणाऱ्या गटाला गप्प कसं करायचं, न रागावता, हेही गाइडचंच काम.

परवान्याच्या निवडी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात व्हाव्यात, म्हणजे तुझ्यासारख्यांना वाट बघत दुसरीकडे जावं लागणार नाही. यासाठी आम्ही जुन्या गाइडांनी अर्ज केले आहेत आणि करत राहू. तोपर्यंत मंत्रालयाचं ऑनलाइन प्रमाणपत्र घेऊन ठेव. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी रविवारी सकाळी साडेसातला शनिवारवाड्याच्या पटांगणात यावं, फी नाही. लोहगडवाडी आणि गुंजवण्याच्या मुलांना एसटीने पोचायला उशीर होत असेल तर आधी कळवा, आपण नऊला सुरू करू. कागदाची वही आणा, उन्हात मोबाइलवरचं दिसत नाही.